एक्स-रेच्या लाइनीत यायचं म्हणतोस, तर ऐक

बारावीला फिजिक्स आहे ना, मग ये. कॉलेज निवडताना फीच्या आधी त्याचं स्वतःचं गर्दीचं हॉस्पिटल आहे का ते पाहा. हात तिथंच बसतो.

घरचे रेडिएशनला भितात. बटण सोडलं की एक्स-रे संपतो, खोलीत साठत नाही. टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा बिल्ला, मात्र लेड (शिशाच्या) एप्रनच्या आत, छातीवर हवाच. आपल्यासारख्या काम करणाऱ्याला वर्षाची मर्यादा 30 मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं माप), 5 वर्षांची सरासरी वर्षाला 20. लेकरू रडतं म्हणून रोज स्वतः धरू नको. बापाला एप्रन घालून उभं कर.

ग्रामीण रुग्णालयात रात्री-बेरात्री उठावं लागतं बाप्पा. आणि कापूस वेचून आलेल्या बाईला एक्स-रेआधी ‘दिवस गेलेत का?’ हे सासूला बाहेर बसवूनच विचार.