आजोबांच्या इम्पालाची गिअरची दांडी खाली आणली, आता काय?

कोल्हापूरच्या एका वाचकांचं पत्र थोडक्यात असं: आजोबांची १९६३ ची शेव्हरोले इम्पाला घरात आहे. गाडी ऑटोमॅटिक, गिअरची दांडी स्टिअरिंगला. एका गॅरेजवाल्यानं गेल्या वर्षी ती काढून खाली, फ्लोअरवर बसवून दिली. त्यासाठी पुढचं सलग सीट काढून दोन सुटी सीटं टाकली. नव्वद हजार घेतले, पावतीवर लिहिलं फक्त ‘गिअर काम’. महिन्याभरातच एका सकाळी चावी फिरवली आणि गाडी उडी मारून फाटकावर आदळली. गॅरेजवाला आता फोन उचलत नाही. हा बदल बेकायदा ठरतो का, गाडीची व्हिंटेज नोंदणी होईल का आणि पैसे परत मिळतील का, असं त्यांनी विचारलंय.

साहेब, आधी गाडी चालवणं थांबवा. दांडी पार्क किंवा न्यूट्रलला नसेल तर स्टार्टर फिरू नये, यासाठी या गाडीत स्टिअरिंगच्या नळीवर एक स्विच असतो. दांडी खाली नेली की तो नव्या दांडीशी जोडून द्यावा लागतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत त्या स्विचच्या दोन वायरी एकमेकींना पिळून वर काळी टेप गुंडाळलेली स्पष्ट दिसते. म्हणजे दांडी ड्राइव्हला असतानाही गाडी सुरू होते. त्या सकाळी फाटकापाशी कुणी उभं नव्हतं, हे तुमचं नशीब. ती टेप मात्र इतक्यात काढू नका. तुमच्या दाव्याचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. दांडी कुठे आहे याचा रकाना आरसीवर नसतो. शिवाय इम्पालाच्याच सुपर स्पोर्ट प्रकारात कंपनी स्वतः खालची दांडी देत असे. त्यामुळे नुसत्या दांडीपुरती तुमची बाजू मी ठामपणे मांडेन. अडचण सीटची आहे. दांडी स्टिअरिंगला असली की पुढे तिघांना बसता येतं. तुमच्या आरसीवर आसनक्षमता सहा आहे आणि गाडीत आता पाचच जागा उरल्यात. हा थेट नोंदीतला फरक झाला. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात या कलमाचा अर्थ कडकच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ(४) नुसार बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि ही शिक्षा मालकाला आहे.

व्हिंटेज नोंदणीचे २०२१ चे नियम आणखी काटेकोर आहेत. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली आणि चॅसी (खालचा सांगाडा), बॉडी शेल (पत्र्याचा साचा) वा इंजिनात फेरफार न झालेली गाडीच त्यात बसते. तुमच्या गाडीच्या तळाच्या पत्र्याला दांडीसाठी भोक पाडलंय. तपासणी समितीच्या नजरेतून ते सुटेल या भरवशावर वीस हजारांची फी भरू नका. माझं स्पष्ट मत, गाडी पूर्ववत करा, मगच अर्ज करा. एक लक्षात असू द्या: ही नोंदणी घेतली की गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज मंडईत न्यायची असेल तर हा मार्ग तुमचा नाही.

पैशांचं म्हणाल तर ही सरळसरळ सेवेतली त्रुटी आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे कोल्हापूरच्याच आयोगात ती करता येते आणि तुम्ही कामासाठी दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्यानं फी लागत नाही. त्याआधी दुसऱ्या जाणकार मेकॅनिककडून गाडीची तपासणी करून सहीनिशी लेखी अहवाल घ्या. वायरी, भोक, सीटं यांचे फोटो काढा, आणि दुरुस्ती त्यानंतरच. पावतीवर तपशील नाही म्हणून खचू नका. व्हॉट्सॲपवरचे संदेश आणि बँकेतून गेलेले पैसे पावतीइतकंच बोलतात.

स्पीड पोस्टानं नोटीस धाडाल तेव्हा पैशांच्याही आधी जुने भाग मागा: मूळ दांडी, तिचे जोड-रॉड, सलग सीट. ते तुमच्या मालकीचे आहेत. साठ वर्षांपूर्वीचं ते सीट भंगारात गेलं तर पुन्हा मिळणं कठीण. म्हणून सात दिवसांची मुदत घाला आणि नोटीस याच आठवड्यात जाऊ द्या.