वाचकांचे प्रश्न : बाजारातली काडतुसे जातात कुठे?

प्रश्न : मुलगा टेक्सासला असतो. २०२० मध्ये तिकडे काडतुसांच्या फळ्या महिनोन्‌महिने रिकाम्या होत्या, असे तो सांगतो. देशात युद्ध नव्हते. मग एवढी काडतुसे झाडली तरी कुणी? – एक वाचक, प्रतापनगर

कुणीच नाही. उलट त्या दिवसांत सरावाच्या कित्येक रेंज टाळेबंदीत होत्या. काडतुसे खर्च झालीच नाहीत; दुकानाच्या फळीवरून घराच्या कपाटात गेली.

हे समजायला टेक्सासपर्यंत जायची गरज नाही. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांच्या संपाची बातमी आली आणि नागपुरात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, ते आठवा. समजा, शहरात १० लाख दुचाकी आहेत, प्रत्येकीची टाकी १० लिटरची आणि एरवी तिच्यात सरासरी ३ लिटर पेट्रोल असते. सगळ्यांनी एकाच दिवशी टाकी फुल्ल करायचे ठरवले, तर ७० लाख लिटर जादा लागेल. त्या दिवशी कुणी एक किलोमीटरही जास्त फिरलेला नसतो. पंपाखालची टाकी मात्र रोजच्या खपाच्या हिशेबाने भरलेली असते, म्हणून ती दुपारीच कोरडी पडते.

काडतुसांचे तसेच, फक्त तिथे कपाट टाकीसारखे भरून वाहत नाही. एरवी ५० काडतुसांच्या दोन पेट्या घरात ठेवणाऱ्याला अचानक दहा असाव्यात असे वाटू लागले, तर त्याची जादा मागणी ४०० नगांची झाली. असे १० लाख लोक धरले तरी ४० कोटी काडतुसे! आणि त्यांतले एकही उडालेले नसते.

भीती तीन प्रकारची असते. घरावर संकट येईल ही पहिली, उद्या कायदा बदलेल आणि मिळणार नाही ही दुसरी. तिसरी म्हणजे शेजारी उचलून नेईल आणि मी राहीन. आमच्या मते बाजार खरा रिकामा करते ती तिसरीच. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटमधल्या शाळेत हत्याकांड झाले आणि बंदूक कायद्याची चर्चा सुरू झाली. रोख होता लष्करी धाटणीच्या रायफलींवर. पण पुढची काही वर्षे हाल झाले ते पॉइंट टू-टूसारख्या सरावाच्या, सगळ्यांत स्वस्त काडतुसाचे. ते स्वस्त होते, म्हणूनच लोकांनी बादल्या भरभरून नेले.

२०२० मध्ये लाटांवर लाटा आल्या. मार्चमध्ये करोना, मे अखेरीपासून जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतरची आंदोलने, नोव्हेंबरमध्ये अध्यक्षीय निवडणूक. त्या वर्षी तिथल्या केंद्रीय यंत्रणेकडे बंदूक खरेदी-परवान्यांसाठी ग्राहकांच्या पूर्वेतिहासाच्या सुमारे ३.९७ कोटी तपासण्या नोंदल्या गेल्या. एक तपासणी म्हणजे एक बंदूक असे गणित नाही, तरी कल यावा एवढे ते पुरेसे आहे. बंदूक एकदाच घेतात, काडतुसे तिच्यामागून वर्षानुवर्षे लागतात. ९ मिमीचे जे काडतूस आधी २० सेंटच्या आसपास मिळे, ते पुढे ६०-७० सेंटवर गेले. दुकानदारांनी 'माणशी एक पेटी' असा नियम लावला, तर एकाच घरातले तिघे तीन वेगवेगळ्या वेळी येऊन गेले. रेशनिंगने फळी थोडी जास्त दिवस भरलेली दिसते, इतकेच.

प्रश्न : सरकारच काडतुसे विकत घेऊन बाजार कोरडा करते, असा एक व्हिडिओ फिरतो. खरे आहे का? – एक वाचक, सदर

नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत ही आवई जोरात होती. पाच वर्षांच्या कराराची कमाल मर्यादा लोकांनी एका वर्षाची खरेदी समजली.

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत माझे प्रेस पार्टचे युनिट आहे. मागणी वाढली की आम्ही दुसरी पाळी लावतो, गरज पडली तर तिसरी. काडतूस कारखान्यांना हे का जमत नाही? माल तर पितळेची नळीच ना? – एक उद्योजक

पितळेची नळी हा त्यातला चौथा हिस्सा. काडतुसाचे भाग चार : पितळी पुंगळी, बुडाशी बसणारी टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसणारी गोळी. चारांपैकी एक जरी कमी पडला, तर उरलेले तीन कितीही असले तरी काडतूस होत नाही.

पुंगळीचे काम तुमच्या ओळखीचे निघेल. ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्ताच्या पितळी पट्टीतून चकती कापायची, तिचा कप करायचा, मग टप्प्याटप्प्याने खेचून लांब करायचा. प्रत्येक खेचणीनंतर पितळ कडक होते, म्हणून मध्ये मध्ये भट्टीत तापवून मऊ करावे लागते. ही पायरी घाईत उरकली तर तोंडाशी तडा जातो. इथे पाळी वाढवता येते. पण डाय म्हणजे साचे झिजतात, नवे डाय व्हायला वेळ लागतो, आणि पितळेचा पट्टा पुरवणाराही त्याच रांगेत उभा असतो.

खरी अडचण टोपीची आहे. शिशाच्या गोळीला पर्याय सापडतो, पितळेऐवजी पोलादी किंवा ॲल्युमिनियमची पुंगळी चालते. टोपीला पर्याय नाही. तिच्यातले ठिणगी देणारे मिश्रण इतके नाजूक असते, की ते ओले असतानाच भरावे लागते. एका खोलीत किती माल आणि किती माणसे ठेवायची यावर बंधन असते. भिंती स्फोट अडवण्याच्या हिशेबाने बांधलेल्या, दोन इमारतींमधले अंतर ठरलेले. उत्पादन दुप्पट करायचे म्हणजे दुसरी इमारत, तिच्यासाठी मोकळी जमीन, परवाने आणि शिकवून तयार केलेले कामगार. अमेरिकेत टोप्यांचे मोठे निर्माते चारच : सीसीआय, फेडरल, विंचेस्टर आणि रेमिंग्टन. त्यांतल्या रेमिंग्टनने जुलै २०२०मध्ये, नेमक्या ऐन तुटवड्यात, दिवाळखोरीचा अर्ज केला. तिचा आर्कान्सॉमधला काडतूस कारखाना व्हिस्टा आउटडोअरने घेतला, आणि सीसीआय व फेडरल याच कंपनीकडे आधीपासून होते. घरी काडतुसे भरणारे तिथले छांदिष्ट लोकही याच टोप्या विकत घेतात. कारखान्याने टोप्या स्वतःच्या काडतुसांत वापरायला सुरुवात केली, की सुट्या टोप्या आधी गायब होतात.

आता 'का जमत नाही' याच्या जोडीला 'का करत नाहीत' हेही पाहा. २०१६ च्या निवडणुकीत ट्रम्प निवडून आले, कायदा कडक होण्याची भीती ओसरली, आणि विक्री पडली. रेमिंग्टनने पहिली दिवाळखोरी मार्च २०१८ मध्ये जाहीर केली होती, ती याच मंदीच्या काळात. ज्याने भीतीच्या भरवशावर यंत्रे घेतली, त्याचे हप्ते भीती गेल्यावरही चालूच राहतात. म्हणून २०२० मध्ये कंपन्यांनी आधी ओव्हरटाइम केला आणि नव्या इमारतीचा विषय जपून काढला. त्यांना कुणी लोभी म्हणो, आम्हाला तो शहाणपणा वाटतो.

त्यात ऑर्डरीही खऱ्या नसतात. दुकानदाराला १०० पेट्या हव्या असतात, मिळतात ३०. पुढच्या वेळी तो तीन घाऊक व्यापाऱ्यांकडे प्रत्येकी १०० लिहून देतो, ज्याच्याकडून आधी येईल तो घेऊ म्हणून. घाऊकवालाही कारखान्याला फुगवूनच सांगतो. कारखान्याच्या वहीत ३०० दिसतात, गरज शंभराचीच. बाजार भरू लागला की उरलेल्या दोन ऑर्डरी रातोरात रद्द. हे तुम्हीही कधी तरी भोगले असेल.

आणखी एक. मागणी सगळ्यात जास्त ९ मिमी आणि रायफलच्या पॉइंट टू-टू-थ्रीची, म्हणून लाइन त्याच मापावर चालत राहते. माप बदलायचे तर डाय, फीडर, तपासणीचे गेज सगळेच बदलावे लागते. त्यामुळे वर्षातून एखादाच लॉट निघणारी शिकारीची जुनी मापे पुढे ढकलली जातात. कुणी ती फारशी साठवलेलीही नसतात, तरी ती मिळेनाशी होतात.

प्रश्न : अंबाझरी, भंडारा, चंद्रपूर असे आयुध निर्माणीचे कारखाने आपल्या उशाशी आहेत. विदर्भात तरी टंचाई होऊ नये ना? – एक निवृत्त शिक्षक, वर्धा

उशाशी आहेत खरे, पण प्रत्येकाचे काम वेगळे आहे. अंबाझरीत मोठ्या दारूगोळ्याची धातूची अंगे होतात, भंडाऱ्याच्या जवाहरनगरला स्फोटके आणि प्रणोदक (गोळा पुढे ढकलणारी दारू), भद्रावतीजवळच्या चांदा निर्माणीत मोठा दारूगोळा भरला जातो. तुमच्या मनातली छोटी काडतुसे भुसावळजवळच्या वरणगावला आणि पुण्याच्या खडकीत होतात. म्हणजे एक गोळा पुरा व्हायला तीन-चार गावे लागतात, आणि त्यांतल्या एका ठिकाणी काम थांबले की पुढचे हात रिकामे. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरला झालेल्या स्फोटात कामगारांचे जीव गेले. अशा जागी 'जरा वेग वाढवा' म्हणणे सोपे नसते.

विदर्भाचा याहून जवळचा धागा कापसाचा आहे. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीवर आखूड तंतू चिकटून राहतात. त्यांना लिंटर म्हणतात. या तंतूंवर आम्लांची प्रक्रिया करून नायट्रोसेल्युलोज बनते, आणि बंदुकीची धूररहित दारू त्याच्यापासून. युक्रेन युद्धात तोफगोळ्यांसाठी हीच दारू प्रचंड लागू लागली. मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघाने वर्षभरात १० लाख गोळे द्यायचे ठरवले. मुदत संपली तेव्हा जेमतेम निम्मे गेले होते. एका तोफगोळ्यामागे लागणारी दारू किलोंमध्ये, ९ मिमीच्या काडतुसात ती ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. एकाच पिंपातून दोघांनाही द्यायचे म्हटल्यावर पहिला नंबर कुणाचा लागणार, हे उघड आहे.

प्रश्न : काटोल तालुक्यात संत्र्याची बाग आहे, घरी परवान्याची बारा बोअर दुनाळी. निवडणुका आल्या, वातावरण तापते. आधीच काडतुसे भरून ठेवावी काय भाऊ? – एक शेतकरी

नका ठेवू, आणि त्याचे पहिले कारण सरळ आहे : निवडणुकीच्या काळात बंदूकच तुमच्याकडे राहील याची खात्री नाही. आपल्याकडे गोष्ट अमेरिकेच्या उलटी चालते. आचारसंहिता लागली की छाननी समिती परवानाधारकांची यादी तपासते, आणि ज्यांना सांगितले जाईल त्यांनी शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते. जमा करताना पावतीवर बंदुकीचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या वेगवेगळी लिहून घ्या. निकालानंतर परत घेताना याच दोन आकड्यांवरून वाद होतात.

दुसरे, एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसे, हे परवान्यावर लिहिलेले असते. जास्त सापडली तर 'टंचाई होती हो' हे उत्तर चालत नाही. खरेदीची प्रत्येक नोंद परवान्यावर चढली का, हे दुकानातच पाहा. उडवलेल्या पुंगळ्या फेकू नका. पुढच्या खरेदीच्या वेळी हिशेब मागितला जाऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षे झाली, तेव्हा नूतनीकरणाची तारीख विसरायला आता जास्त सवड आहे. ती भिंतीवर लिहून ठेवा. शहरात हे काम पोलीस आयुक्तांकडे, तुमच्याकडे जिल्हाधिकाऱ्यांकडे. आणि बागेत रानडुकरे येतात म्हणून बार काढता येत नाही. त्याला वन विभागाची वेगळी परवानगी लागते.

तिसरे, साठा जुना झाला की दगा देतो. बारा बोअरचे नळकांडे प्लॅस्टिकचे असले तरी तोंड दुमडलेले असते आणि पावसाळ्यात तिथून ओल शिरते. कागदी असेल तर फुगते आणि नळीत अडकते. पितळी बुडावर हिरवट बुरशीसारखा थर आला असेल तर ते काडतूस बाजूला काढा. चमकवायला तेल लावू नका, ते टोपीत झिरपते आणि टोपी मरते. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांवर पारा असताना जीपच्या डॅशबोर्डवर किंवा पत्र्याच्या खोलीत काडतुसे ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलची पुडी, डब्यावर खरेदीचा महिना, आणि आधी आणलेले आधी वापरायचे. डबा आणि बंदूक वेगवेगळ्या कुलपात.

चाप ओढला आणि बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा. कधी कधी टोपी उशिरा पेटते. मगच उघडा. 'फुस्स' असा आवाज आला असेल तर दुसरे काडतूस मुळीच भरू नका. आधी बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का पाहा. आत काही अडकलेले असताना दुसरा बार काढला तर नळी फाटते.

प्रश्न : मुलगी ५० मीटर रायफल खेळते. आयात काडतुसांचा भरवसा नसतो. किती साठा धरावा? – एक पालक, मानकापूर

हिशेब वहीवर मांडा. पात्रता फेरी ६० नोंदीच्या फैरींची. सरावाच्या दिवशी नेम जुळवण्याच्या धरून ८०. आठवड्यातून चार दिवस, म्हणजे महिन्याला साधारण १,३००. परवान्याच्या मर्यादेत तीन महिन्यांचा माल हाताशी असेल तर एखादे जहाज उशिरा आले तरी खंड पडत नाही. त्याहून जास्त अडकवू नका.

टंचाईत लोक हाती येईल तो लॉट उचलतात, आणि नुकसान तिथेच होते. एकाच कंपनीचे, एकाच पेटीवरचे नाव, पण लॉट वेगळा, तर तुमच्या रायफलीला तो मानवेलच असे नाही. लक्ष्यावरचा दहाचा वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचा असतो. रायफल शिकंज्यात धरून प्रत्येक लॉटच्या दहा-दहा फैरींचे तीन-चार गट काढा. ज्याचे गट या वर्तुळात बसतात, तो लॉट स्पर्धेसाठी राखून ठेवा आणि उरलेला सरावाला लावा. पॉइंट टू-टूची टोपी वेगळी नसते, ठिणगीचे मिश्रण पुंगळीच्या कडेतच असते. त्यामुळे ही पुंगळी पुन्हा भरता येत नाही, आणि तसेही परवान्याशिवाय काडतूस बनवणे गुन्हा आहे.

माल खरेच आला नाही, तर चारपैकी दोन दिवस रिकाम्या रायफलीवर सराव करा. मात्र नळीत काडतूस बसायची जागा रिकामी असताना पिन आपटू देऊ नका, त्या जागेच्या कडेला खाच पडते. रायफलीत कोरड्या सरावाची सोय असेल तर ती लावा, नाहीतर खोटे काडतूस घाला. तिसरा दिवस १० मीटर एअर रायफलला द्या. श्वास, चाप आणि उभे राहणे तेच असते, आणि ४.५ मिमीच्या छर्ऱ्यांना काडतूस लागत नाही.