आईच्या घशात घास अडकतो, महिनाभर थांबावं का?

ताई, आईंचं वय ६२, दोन महिन्यांपासून घास अडकतो, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चालू आहेत आणि अजून महिनाभर वाट पाहू का, असं तुम्ही विचारलंय. थांबू नका. नाशिकच्या एका दवाखान्यात एंडोस्कोपीच्या, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिका तपासण्याच्या खोलीत माझी वीस वर्षं नर्स म्हणून गेली, त्या जोरावर सांगते.

आज आईंसोबत जेवायला बसा आणि त्यांनी ताटातून काय काय बंद केलंय ते बघा. निफाडकडचे एक आजोबा आठवतात. बायको म्हणाली, "दात नाहीत ना, म्हणून भाकरी दुधात कुस्करून खातात." दात पाच वर्षांपूर्वीच गेले होते, कुस्करणं मात्र तीन महिन्यांचं. बोट ठेवत होते गळ्यावर, आणि अन्ननलिका अरुंद झाली होती पार खाली, जठराच्या तोंडाशी. पेशंट दाखवतो तिथेच अडथळा असतो असं नाही.

आधी भाकरी, मग भात, मग पातळही अडकू लागलं, तर नळी आतून बुजत चालली आहे. जुन्या अ‍ॅसिडिटीने आलेलं आकुंचन असेल, कधी कॅन्सरही. भाकरी आणि पाणी दोन्ही पहिल्यापासून सारखंच अडकत असेल, तर बहुधा नळीची हालचाल बिघडलेली असते, उदाहरणार्थ अकॅलेशिया, म्हणजे नळीचं खालचं तोंड नीट उघडत नाही. त्यात दुर्बिणीसोबत बेरियमचा (पांढरं औषध पाजून काढलेला) एक्स-रे आणि मॅनोमेट्री, म्हणजे नळीतला दाब मोजायची तपासणी, लागते. गिळताक्षणी ठसका लागतो, पाणी नाकातून येतं? मग दोष घशात किंवा मेंदूकडून आहे. अर्धांगवायूनंतर असं होतं आणि अन्न फुफ्फुसात जाण्याची भीती असते.

गिळताना दुखत असेल तर औषधांची पिशवीच घेऊन जा. डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी किंवा हाडांची अ‍ॅलेंड्रोनेट घोटभर पाण्यावर घेऊन लगेच आडवं झालं की नळीला व्रण पडतो. डायबेटिस असेल, किंवा स्टेरॉइडचा पंप घेऊन चूळ भरत नसतील, तर नळीत बुरशीही होते.

ब्लाउज सैल झालेत का, मिशरी-तंबाखू आहे का, आवाज बसलाय का, शौच काळी होते का, हे डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा. या वयात नव्याने घास अडकू लागला की एंडोस्कोपी लवकर व्हायलाच हवी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी कळवा, स्वतःहून बंद करू नका. घशात बधिर करणारा स्प्रे मारतात, तपासणी बहुतेकदा दहा-पंधरा मिनिटांत होते, तपासणीसाठी आतून छोटा तुकडा काढलेला दुखत नाही.

आणि थुंकीसुद्धा गिळता येईनाशी झाली, तर सकाळची वाट न बघता रात्रीच कॅज्युअल्टी गाठा.