नवऱ्याला न कळवता चहातून दारू सोडवायची गोळी द्यायला समुपदेशकाने नकार दिला. त्याचं चुकलं का?

ताई, नाही चुकलं. ‘द्या, फक्त माझं नाव घेऊ नका’ असं तो म्हणाला असता, तर मी तुम्हाला व्यसनमुक्ती केंद्र बदला म्हणालो असतो.

आज मीही समुपदेशक आहे, पण लिहितोय तो ज्याच्या चहात ती गोळी पडली होती तो माणूस म्हणून.

एसटी स्टँडच्या भिंतींवर ‘पेशंटला न सांगता दारू सोडवा’ रंगवलेलं असतं ना, ते आमच्या दादाने मनावर घेतलं. मी केंद्रातून घरी आलो होतो, एकदा घसरलोही होतो. दादाने कुठूनशी डायसल्फिराम मिळवली, म्हणजे जी घेतल्यावर दारू प्यायली की ती अंगावर उलटते ती गोळी. वहिनी सकाळी खलबत्त्यात कुटून चहात टाकायची. मला दिवसभर तोंडात लसूण चघळल्यासारखी चव यायची. मी उलट वहिनीलाच म्हणायचो, फोडणीत लसूण कमी घाल.

मग मावसभावाची हळद. जनरेटरच्या मागे जाऊन क्वार्टरमधली निम्मीसुद्धा घेतली नसेल. दहा-पंधरा मिनिटांत तोंड लालबुंद, छातीत धडधड, ओकाऱ्या. वाटलं, अटॅकच. कुणी म्हणालं पित्त झालंय, लिंबू पाजा. दवाखान्यात डॉक्टर विचारतायत काय घेतलं, मी म्हणतोय फक्त दारू, आणि दादा शेजारी गप्प. सलाईनची दुसरी बाटली लागल्यावर बोलला.

त्याहून लागलं ते पुढचं. दादाने माझ्या समुपदेशकाला आधी विचारलं होतं. ते म्हणाले होते, ‘घरचा मामला आहे, मी ऐकलंच नाही असं समजा.’ आणि दर गुरुवारी समोर बसून मलाच विचारत होते, तल्लफ कितपत येते? मी जाणं बंद केलं. पुढे दीड वर्ष प्यायलो.

दादा अजूनही दर दिवाळीला म्हणतो, ‘त्या गोळीनेच सुटलास.’ नाही दादा. सुटलो ते दुसऱ्या गावात, ज्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की जीव द्यायचं किंवा घ्यायचं बोललात तर घरी कळवीन, बाकीचं या खोलीतच राहील, त्यांच्याकडे. तेच वाक्य मी आता पेशंटना ऐकवतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजारही येतात, त्यामुळे संमती आणि गुप्तता ही समुपदेशकाची मेहेरबानी नाही, पेशंटचा हक्क आहे.

गोळी वाईट आहे असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी लिव्हर-हृदय तपासून, त्याला सगळं समजावून दिली, आणि त्याच्याच संमतीने बायकोने रोज समोर बसून घ्यायला लावली, तर काहींना चांगली लागू पडते. पण शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो. अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधसुद्धा भोवतं. हे ज्याला ठाऊकच नाही तो सांभाळणार कसा?

तुमची दमछाक कळते. नवरा येवो न येवो, तुम्ही अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगला जा, ती घरच्यांसाठीच असते. १४४४६ ही सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट आहे.

आणि आज सकाळच्या चहात घातलीच असेल, तर आधी त्याला सांगा. मग लगेच डॉक्टरांना.