प्रोपेनच्या लाइनला ए१०५ फ्लँज चालेल का? प्लेटमधून टर्न केलेले घ्यावेत का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. प्रोपेनची पाइपलाइन रोज ३० अंश सेल्सिअसवर चालते, मग तिच्या फ्लँजना (पाइप बोल्टने जोडणाऱ्या कड्यांना) ए१०५, म्हणजे साध्या कार्बन पोलादाच्या फोर्जिंगचा ग्रेड, पुरेल का? आणि पुरवठादार प्लेटमधून लेथवर टर्न केलेले वेल्ड नेक (पाइपला वेल्ड होणाऱ्या निमुळत्या गळ्याचे) फ्लँज स्वस्तात देतोय, ते घ्यावेत का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: अजिबात घेऊ नका. प्लेट रोल होताना पोलादातली अशुद्धी चपटी होऊन पापुद्र्यांसारखी पसरते. वेल्ड नेकच्या हबवर, म्हणजे त्या गळ्यावर, पाइपचा ताण नेमका जाडीच्या दिशेने येतो, म्हणजे पापुद्रे एकमेकांपासून सोलणारा. फोर्जिंगमध्ये (तापवून, ठोकून घडवताना) धातूचे तंतू फ्लँजच्या आकाराबरोबर वळतात. म्हणूनच फ्लँजच्या एएसएमई बी१६.५ मानकात प्लेटला परवानगी आहे ती फक्त ब्लाइंड (पाइपचं तोंड बंद करणाऱ्या) आणि बिनहबच्या रिड्यूसिंग फ्लँजना. बारमधून थेट टर्न केलेला फ्लँजही ए१०५ मध्ये बसत नाही.

एकदा आमच्याकडे आलेल्या लॉटची टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) चोख होती, 'फोर्ज्ड ए१०५' लिहिलेली. एका हबवर भेगा दाखवणारा लाल डाय लावला, पुसला, डेव्हलपर फवारला. थोड्याच वेळात पांढऱ्यावर हबच्या घेराभोवती फिरणारी बारीक लाल रेघ उमटली. अख्खा लॉट परत पाठवला. त्या रेघेवर वेल्डिंग झालं असतं तर पुढे काय, हा विचार आजही अस्वस्थ करतो.

आता ग्रेड. ए१०५ साधारण उणे २९ ते ४२५ अंश सेल्सिअसपर्यंत वापरतात. त्याहून वर फार काळ राहिलं तर कार्बाइडचं ग्रॅफाइट होऊ लागतं. तुमची अडचण मात्र खालच्या टोकाला आहे. वातावरणाच्या दाबाला प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतं. लाइन घाईने रिकामी केली की आत उरलेलं द्रव उकळत फ्लँजला तिथपर्यंत थंड करू शकतं. रोजचे ३० अंश इथे कामाचे नाहीत, सर्वांत वाईट दिवसाचं तापमान धरा. म्हणून ए३५० एलएफ२ क्लास १, हा थंडीसाठीचा फोर्जिंग ग्रेड, घ्या. त्याची इम्पॅक्ट टेस्ट (थंडीत पोलाद ठिसूळ होऊन धक्क्याने तुटतं का हे पाहणारी) उणे ४६ अंशांवर होते, तीन नमुन्यांची सरासरी किमान २० जूल लागते.

ए१०५ नॉर्मलाइज केलेला (तापवून हवेत थंड केलेला) आहे, म्हणजे एलएफ२च झाला, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. दोघांची रासायनिक घडण इतकी जवळची आहे की पीएमआय गन (धातूतली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) फरक सांगू शकत नाही. पुरावा एकच: हीट ट्रीटमेंट आणि इम्पॅक्टचे आकडे असलेली ३.१ टीसी (कारखान्याच्या तपासणी विभागाने सही केलेली), आणि तिच्यावरचाच हीट नंबर (पोलादाच्या त्या ओतीचा क्रमांक) फ्लँजच्या कडेवर पंच केलेला. रंगाने लिहिलेला नंबर मी धरत नाही, खरवडला की जातो.

नुसता फ्लँज बदलून भागणार नाही. पाइपही थंडीसाठीच्या ए३३३ ग्रेड ६ चा घ्या आणि वेल्डिंग प्रोसिजरही त्याच तापमानाला इम्पॅक्ट टेस्ट करून मंजूर झालेली आहे का ते तपासा.