रोमन लोक ज्यू आणि ख्रिश्चनांवर एवढे का चिडायचे? त्यांची शिकवण तर चांगलीच होती ना?

नुसत्या उपदेशावर फारसं कोणी चिडत नव्हतं. तो पाळताना चारचौघांपासून वेगळं वागावं लागे, तिथं ठिणगी पडे. ज्यूंची शनिवारची सुट्टी रोमन तत्त्वज्ञ सेनेकाला आयुष्याचा सातवा हिस्सा वाया घालवणं वाटे. नकोसं मूल टाकून देणं रोममध्ये चाले. ज्यू आणि ख्रिश्चन दोघेही त्याला पाप म्हणत. आपल्या घरच्या रीतीला पाप म्हटलेलं कुणाला रुचेल?

सगळ्यात मोठा राग मात्र देवांना बळी न देण्याचा. देव कोपले तर अख्खं शहर भोगणार, ही खरीखुरी भीती होती. ज्यूंचा धर्म प्राचीन म्हणून रोमने बराचसा सहन केला, ख्रिश्चनांना ती सवलत नव्हती. इ.स. 250 च्या सुमारास सम्राट डेशियसने बळी दिल्याचा दाखलाच सक्तीचा केला. इजिप्तमध्ये सापडलेल्या अशा दाखल्यांच्या पपायरसांवर (त्या काळच्या वनस्पतीच्या कागदांवर) ‘मी बळी दिला, प्रसाद चाखला’ असं साक्षीदारांसमोर लिहून दिलेलं आहे.