माध्यमांतल्या मजकुरावर सरकारचं नियंत्रण असावं का?

नियंत्रण असावं, पण ते प्रसिद्धीनंतरचं आणि कोर्टाच्या देखरेखीखालचं. छापण्याआधी सरकारची परवानगी लागावी, हे मला मान्य नाही.

मी धुळ्याचा, त्यामुळे हा विषय निघाला की मला राईनपाडाच आठवतं. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या या गावात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं मारून टाकलं. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज त्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते.

आता आपले नियम बघा. सिनेमाला १९५२ च्या कायद्यानं आधी प्रमाणपत्र लागतं. केबल टीव्हीला १९९५ चा कायदा आणि कार्यक्रम संहिता आहे. वर्तमानपत्राविरुद्ध प्रेस कौन्सिलकडे जाता येतं, ती समज देते, ताशेरे ओढते, दंड करू शकत नाही. डिजिटल बातम्यांना आणि ओटीटीला २०२१ चे नियम, तक्रार पंधरा दिवसांत निकाली काढायची. या सगळ्याला समोर कुणीतरी प्रकाशक लागतो. अफवेला तो नसतो. अफवा पसरवणाऱ्याला शिक्षेची तरतूद फौजदारी कायद्यात आहेच, पण ती माणूस मेल्यावर कामाला येते.

राईनपाडा घडलं त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. मला हा उपाय पटतो, कारण त्यात कुणाचंही तोंड बंद होत नाही, फक्त पसरण्याचा वेग कमी होतो.

उलट २०२३ मध्ये केंद्र सरकारनं आपल्या कारभाराबद्दलचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार स्वतःच्याच फॅक्ट चेक युनिटला द्यायचं ठरवलं. नंदुरबारच्या एखाद्या पाड्यावर केंद्राच्या योजनेचं पाणी पोचलंच नाही, ही बातमी खरी की खोटी हे केंद्रानंच ठरवायचं? मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये ती तरतूद रद्द केली, ते योग्यच झालं.

एक बंधन मात्र मला खरंच खुपतं. सामुदायिक रेडिओला, म्हणजे संस्था आपल्या भागातल्या लोकांसाठी चालवतात त्या छोट्या केंद्रांना, स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, द्यायच्या तर आकाशवाणीच्याच द्याव्या लागतात. अफवा उठली की तासाभरात अहिराणीत, भिलीत, लोकांच्या ओळखीच्या आवाजात ती खोडून काढायला याहून चांगलं साधन कोणतं? ते बंधन आधी उठवा.